डेटन, 1913: माळ्यावर दिलेला शब्द

ओहायो राज्यातल्या डेटन शहराचा जुना नकाशा समोर ठेवला की पहिला प्रश्न पडतो तो हा, की इथे गाव वसवायचं कुणाच्या मनात आलं? उत्तरेकडून ग्रेट मायामी नदी येते. वाटेत तिला स्टिलवॉटर मिळते, मग पूर्वेकडून मॅड नदी आणि पुढे पश्चिमेकडून वुल्फ क्रीक. हे सगळे संगम शहरात किंवा शहराला लागूनच. त्यात नदी मध्यवस्तीला वळसा घालून जाते, म्हणजे पाणी वाढलं की वळणावर तुंबायची सोय निसर्गानेच करून ठेवलेली.

1796 मध्ये वसाहत झाली आणि 1805 मध्ये पहिला मोठा पूर आला. पुढे 1828, 1847, 1866, 1898. प्रत्येक पुरानंतर मातीचे बांध थोडे उंच केले गेले. मापही ठरलेलं असायचं: गेल्या वेळी जितकं पाणी आलं त्याहून हातभर जास्त. 1910 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1,16,577 होती आणि शहर भरभराटीत होतं. नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीची गल्लायंत्रं जगभर जात. तिथल्याच एडवर्ड डीड्स आणि चार्ल्स केटरिंग यांनी मोटारीच्या इलेक्ट्रिक स्टार्टरचा धंदा उभा केला होता. राइट बंधूंचं सायकलचं दुकान याच गावातलं. इतकी कल्पक माणसं एका गावात असताना नदीचा हिशोब मात्र मागच्या पुराच्या खुणेवर चालला होता.

1913 या एका वर्षात डेटनने तीन निर्णय घेतले. पैसे स्वतः उभे करायचे, शहराचा कारभार मोडून नव्याने बांधायचा, आणि नदीचा प्रश्न शहराच्या हद्दीत न सोडवता पूर्ण खोऱ्यात सोडवायचा. पूर अनेक शहरांना येतात. हे तीन निर्णय एकाच वर्षात, चिखल वाळायच्या आत घेतलेलं दुसरं शहर मला माहीत नाही. म्हणून हे प्रकरण तपशिलात बघायचं.

25 मार्च

23 मार्च 1913 हा ईस्टरचा रविवार. त्या दिवसापासून तीन दिवस ग्रेट मायामीच्या पाणलोटात 200 ते 280 मिलिमीटर पाऊस पडला. कोकण किंवा महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला हा आकडा फार वाटणार नाही. पण जमीन आधीच्या पावसाने आणि सरत्या हिवाळ्याने पाणी पिऊन तट्ट झालेली होती. पडलेल्या पावसातला बहुतेक सगळा भाग मुरण्याऐवजी थेट वाहिला. डेटनमध्ये नदीचा विसर्ग अडीच लाख क्यूसेकपर्यंत गेला असं नंतरच्या मोजणीत निघालं. शहरातल्या पात्राची क्षमता याच्या निम्मीही नव्हती.

मंगळवारी, 25 मार्चला सकाळी पाणी बांधांवरून वाहू लागलं आणि थोड्याच वेळात बांध फुटले. व्यापारी भागात काही ठिकाणी पाणी वीस फुटांपर्यंत चढलं. माणसं आधी वरच्या मजल्यावर गेली, मग माळ्यावर, मग छप्पर फोडून बाहेर. त्यातच गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या. पाण्याने वेढलेल्या इमारती जळत होत्या आणि बंबांना तिथवर पोहोचायला वाट नव्हती. लोक एका छपरावरून दुसऱ्या छपरावर सरकत राहिले. पाण्याने कमाल पातळी गाठली ती त्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर.

ग्रेट मायामीच्या खोऱ्यात 360 हून अधिक माणसं गेली. 65,000 लोक घराबाहेर पडले, सुमारे 20,000 घरं उद्ध्वस्त झाली आणि 1,400 घोडे मेले. नुकसान तेव्हाच्या किमतीत 10 कोटी डॉलरच्या वर. मायामी-ईरी कालव्याची त्या पुराने इतकी मोडतोड केली की ओहायोतली कालव्यांची वाहतूक तिथेच संपली.

राइटांच्या घरातही पाणी शिरलं. विल्बर आदल्या वर्षीच वारला होता. दुकानामागच्या शेडमध्ये खोक्यांत बांधून ठेवलेलं 1903 चं पहिलं विमान पाण्याखाली आणि गाळाखाली गेलं, आणि छायाचित्रांच्या काचेच्या मूळ प्लेटाही भिजल्या. पहिल्या उड्डाणाच्या त्या प्रसिद्ध प्लेटचा एक कोपरा खराब झाला, पण चित्र वाचलं. विमानही वाचलं.

कैदेची शिक्षा झालेला तारणहार

या प्रकरणातला सर्वांत अवघड माणूस म्हणजे जॉन पॅटरसन, नॅशनल कॅश रजिस्टरचा मालक. पुराच्या जेमतेम सहा आठवडे आधी, फेब्रुवारी 1913 मध्ये, सिनसिनाटीच्या फेडरल न्यायालयात तो आणि त्याचे सहकारी मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याखाली दोषी ठरले होते. प्रतिस्पर्धी कंपन्यांना पद्धतशीरपणे संपवल्याचा आरोप होता. पॅटरसनला एक वर्ष कैद आणि 5,000 डॉलर दंड झाला. दोषी ठरलेल्यांत थॉमस वॉटसनही होता, जो पुढे आयबीएमचा सर्वेसर्वा झाला.

अपील करून बाहेर असलेल्या या माणसाने 25 मार्चला भल्या सकाळी बांधांची पाहणी केली आणि कारखान्यात येऊन सांगितलं की आजपासून आपण गल्लायंत्रं बनवत नाही, पूरग्रस्तांचं काम करतो. कारखाना शहराच्या दक्षिणेला उंचवट्यावर होता. स्वतःची वीज, स्वतःच्या विहिरी, कामगारांना जेवू घालणारं मोठं स्वयंपाकघर, सगळं होतं. लाकूडकाम विभागातल्या सुतारांनी सपाट तळाच्या होड्या बनवायला घेतल्या आणि जवळजवळ तीनशे होड्या पाण्यात उतरल्या. कारखान्याच्या इमारतींत निवारा, दवाखाना आणि मृतदेह ठेवायची जागा झाली. बांध फुटायच्या आधी हे सुरू झालं होतं, ही यातली महत्त्वाची गोष्ट. त्या घडीला नगरपालिका कुठे दिसलीच नाही.

गव्हर्नर जेम्स कॉक्स हा डेटनमधल्या वर्तमानपत्राचा मालक, जानेवारीतच पदावर आलेला. त्याने राज्याचे सैनिक पाठवले, मार्शल लॉ लावला, आणि अशा परिस्थितीत मदतकार्याची सूत्रं बऱ्याच अंशी पॅटरसनकडेच राहिली. लोकांनी त्याला माफी मिळावी म्हणून राष्ट्राध्यक्ष विल्सनकडे अर्ज केले. पॅटरसनने स्वतः माफी नको म्हटलं. 1915 मध्ये अपिलात शिक्षा रद्द झाली.

पॅटरसनला देवमाणूस ठरवणारे आणि पुराने त्याची प्रतिमा धुऊन निघाली म्हणणारे, दोघांच्याही हातून अर्धा माणूस निसटतो असं मला वाटतं. प्रतिस्पर्ध्यांना चिरडणारी शिस्त आणि सकाळीच होड्यांचा आदेश देणारी शिस्त एकच होती. कामगारांसाठी मोठ्या खिडक्यांचे उजेडाचे कारखाने बांधणारा, त्यांच्या जेवणाची काळजी वाहणारा आणि त्याच वेळी धंद्यात कुणालाही शिल्लक न ठेवणारा असा तो होता. शहराला तो दिवस तरून जायला त्याचा उपयोग झाला. त्याची किंमत म्हणजे पुढचे निर्णय त्याच्या वजनाखाली झाले, आणि तेही नोंदवायला हवं.

वीस लाख डॉलर

मे महिना. शहरात अजून गाळाचा वास, दुकानं अर्धी उघडी, लोकांच्या घरातलं सामान रस्त्यावर वाळत पडलेलं. अशा शहराकडून वर्गणी मागायची, तीही घरं दुरुस्त करायला नव्हे, तर पुढचा पूर अडवायच्या योजनेसाठी. उद्दिष्ट ठेवलं 20 लाख डॉलर. त्यासाठी एक घोषवाक्य केलं गेलं: माळ्यावर असताना दिलेला शब्द आठवा.

या ओळीची ताकद ती वाचणाऱ्याला ठाऊक होती, कारण जवळपास प्रत्येकाने अंधारात, पाण्याचा आवाज ऐकत, काहीतरी कबूल केलेलं होतं. यातून वाचलो तर हे करीन, ते करीन. आपल्याकडे याला नवस म्हणतात आणि तो फेडला नाही तर माणसाला झोप लागत नाही. मोहीम चालवणाऱ्यांनी हा नवस सार्वजनिक केला. शहरात एक अवाढव्य गल्लायंत्र उभारून त्यावर जमा होणारी रक्कम दाखवली जात होती, आणि मेअखेर आकडा 20 लाखांच्या पुढे गेला. कंपनीचा आणि पॅटरसनचा वाटा मोठा होता, पण हजारो साध्या कुटुंबांनीही आकडे घातले.

भीतीला मुदत असते, फार तर दोन-अडीच महिने. त्या मुदतीत ती कागदावर उतरवून घेतली, तिला रक्कम आणि सही जोडली, तरच ती पुढच्या कोरड्या वर्षांत कामाला येते. 1898 च्या पुरानंतर डेटन घाबरलं नव्हतं असं नाही. तेव्हा कुणी लिहून घेतलं नाही.

कारभार बदलला, पण कुणासाठी?

ओहायोच्या राज्यघटनेत सप्टेंबर 1912 मध्येच दुरुस्ती झाली होती आणि शहरांना आपली सनद, म्हणजे कारभाराची घटना, आपण लिहिण्याची मुभा मिळाली होती. पॅटरसन तर 1896 पासून सांगत होता की शहर पक्षांच्या हातातून काढून धंद्यासारखं चालवा. म्हणजे कल्पना जुनी, कायदा नुकता झालेला. पुराने फक्त दार ढकललं. मे 1913 मध्ये सनद लिहिणारं मंडळ निवडलं गेलं, 12 ऑगस्टला मतदारांनी सनद मंजूर केली आणि 1 जानेवारी 1914 पासून ती लागू झाली.

नवी रचना अशी: सगळ्या शहराने मिळून निवडलेले पाच आयुक्त, ते धोरण ठरवणार, आणि त्यांनी नेमलेला पगारी व्यवस्थापक कारभार चालवणार. आपल्याकडे महापालिका आयुक्त सरकारकडून येतो. तिथे तो निवडून आलेल्या पाच जणांचा नोकर, त्यांनी नेमायचा आणि त्यांनीच काढायचा. पनामा कालवा बांधणाऱ्या कर्नल गोथल्सना विचारून झालं, ते येऊ शकले नाहीत. मग सिनसिनाटीचा शहर अभियंता हेन्री वेट आला. दक्षिण कॅरोलायनातल्या सम्टर या छोट्या गावाने हा प्रयोग आधी केला होता, पण मोठ्या शहरांत डेटन पहिलं. पुढे शेकडो अमेरिकन शहरांनी ही पद्धत उचलली.

इथे जरा थांबायला हवं. वॉर्ड गेले. आधी मजूरवस्तीचा आपला नगरसेवक असायचा. आता सगळ्या शहरातून मतं मिळवायची म्हणजे पैसा, ओळख आणि वर्तमानपत्र हाताशी हवं. डेटनमध्ये समाजवादी पक्षाला चांगला पाठिंबा होता आणि त्याचा या सनदेला विरोध होता, तो या कारणाने. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. सार्वजनिक आरोग्य, हिशोब, रस्ते यांत वेटच्या काळात सुधारणा झाली हेही खरं. पूरग्रस्त शहर घाईत असतं, आणि घाईत सही केलेल्या कागदावर कुणाचं नाव गळलं ते नंतर दिसतं.

कोरडी धरणं

पूरनिवारण समितीची सूत्रं एडवर्ड डीड्सकडे होती. त्याने टेनेसीतल्या मेम्फिस शहरातून आर्थर मॉर्गन या अभियंत्याला बोलावलं. मॉर्गन तेव्हा 34 वर्षांचा, कॉलेजची पदवी नसलेला, सर्वेक्षणाचं काम वडिलांकडून आणि अनुभवाने शिकलेला.

शहराला बांध उंच करून हवे होते. मॉर्गनने विचारलं: किती उंच? मागचा पूर सर्वांत मोठा होता हे कशावरून? डेटनच्या नोंदी शंभर वर्षांच्या, म्हणून त्याने आपल्या माणसांना बसवून पूर्व अमेरिकेतल्या मोठमोठ्या वादळी पावसांच्या नोंदी उतरवून काढल्या आणि युरोपातल्या नद्यांच्या कित्येक शतकांच्या पुरांचा अभ्यास केला. निष्कर्ष असा की 1913 पेक्षा मोठा पूर येऊ शकतो, फार मोठा मात्र नाही. योजनेचं माप ठरलं 1913 चा पूर आणि त्यावर सुमारे 40 टक्के.

इतकं पाणी शहरातून न्यायचं तर पात्र इतकं रुंद करावं लागलं असतं की मध्यवस्तीचा मोठा भाग पाडावा लागला असता. तेव्हा पाणी शहरात पोहोचायच्या आधी वर थोपवायचं. खोऱ्यात पाच धरणं: जर्मनटाउन, एंगलवूड, लॉकिंग्टन, टेलर्सव्हिल आणि हफमन. सोबत शहरांतून पात्र मोकळं करायचं आणि बांध नीट करायचे.

धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उजनी किंवा कोयनेचा जलाशय येतो, आणि ऑगस्टअखेर ते किती टक्के भरलं याची बातमी. या पाच धरणांत पाणी साठवायचंच नाही. मातीच्या भरावाच्या पोटात काँक्रीटचे बोगदे, त्यांना दार नाही, गेट नाही. रोजची नदी त्यांतून जशी यायची तशी वाहते. पूर आला की येवा वाढतो पण बोगद्याचं तोंड तेवढंच राहतं. खालच्या पात्राला पेलेल इतकंच पाणी सुटतं, उरलेलं धरणामागे शेतजमिनीवर पसरतं आणि काही दिवसांत आपोआप उतरतं.

गेट नसणं हा या योजनेतला सगळ्यात शहाणपणाचा भाग आहे असं माझं ठाम मत आहे. ज्याने कोयनेच्या किंवा अलमट्टीच्या विसर्गावरून होणारे वाद ऐकले आहेत त्याला हे लगेच पटेल. पूर अडवायला धरण रिकामं हवं, शेतीला आणि विजेला भरलेलं हवं, आणि दोन्ही कामं एकाच भिंतीला सांगितली की ऐन रात्री कुणीतरी दार किती उघडायचं ते ठरवतं. मॉर्गनने हा प्रश्नच ठेवला नाही. वीज आणि पाणीपुरवठा जोडा, पैसे वसूल होतील, हा मोह त्याने दूर ठेवला. फ्रान्समध्ये ल्वार नदीवर अठराव्या शतकात पुराचं पाणी थोपवण्यासाठी बांधलेल्या बांधाचा दाखला त्याच्यासमोर होता.

एक अडचण उरली. बोगद्यातून पाणी सुसाट बाहेर पडणार आणि धरणाचा पायाच उकरणार. त्यासाठी पाण्याला पायऱ्यांवर आपटवून, जलोत्प्लव (सुसाट पाणी एकदम उसळून संथ होणं) घडवून त्याचा जोर तिथल्या तिथे मोडायचा. या प्रयोगांतले काही डीड्सच्या घरच्या पोहण्याच्या तलावात झाले.

खोऱ्याचा कायदा

ग्रेट मायामीचं खोरं अनेक काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांत, पसरलेलं. डेटनसाठी वरच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर पाणी पसरवायचा अधिकार कुणाचा? असा अधिकार देणारा कायदाच नव्हता. डेटनचे वकील जॉन मॅकमहन यांनी मसुदा केला आणि फेब्रुवारी 1914 मध्ये ओहायोचा जलसंधारण कायदा झाला. नदीचं खोरं हाच प्रशासनाचा घटक, त्याला जमीन घेण्याचा, कर्जरोखे काढण्याचा अधिकार, आणि खर्च ज्याला फायदा त्याच्याकडून, फायद्याच्या प्रमाणात. एखाद्या घराला पुरापासून जितकं संरक्षण मिळेल तितकी त्याची आकारणी.

वरच्या भागात, मायामी आणि शेल्बी काउंटीत, जोराचा विरोध झाला. धरण फुटलं तर आम्ही मरू, डेटनच्या श्रीमंतांसाठी आमची शेतं बुडवताय. यातली पहिली भीती अभियांत्रिकीने खोडता येते, दुसरी तक्रार खोडता येत नाही. प्रकरण न्यायालयांत गेलं, कायदा टिकला, आणि 28 जून 1915 रोजी मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट रीतसर स्थापन झाली. बांधकाम 1918 मध्ये सुरू होऊन 1922 मध्ये संपलं. तीन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला, तो खोऱ्यानेच उचलला. वॉशिंग्टनकडून एक डॉलर घेतला नाही.

धरणांमागची शेतं विकत घेऊन बहुतेक परत विकली गेली, पूर आला तर पाणी पसरेल आणि तिथे घर बांधायचं नाही या अटीवर. आजही तिथे पिकं येतात. 1922 नंतर धरणांनी दोन हजारांहून जास्त वेळा पाणी थोपवलं आहे, जानेवारी 1959 च्या मोठ्या पुरातही, आणि डेटन बुडालेलं नाही.

मॉर्गन पुढे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचा पहिला अध्यक्ष झाला, ज्या संस्थेच्या धर्तीवर आपल्याकडे 1948 मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं. त्याच वर्षी तो भारतात आला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचा तो सदस्य होता आणि ग्रामीण विद्यापीठांच्या कल्पनेत त्याचा मोठा हात होता. त्या आयोगात त्याच्यासोबत मेघनाद साहा होते, ज्यांनी बंगालच्या नद्यांच्या पुरावर वर्षानुवर्षं लिहिलं होतं.

हफमन धरणामागच्या क्षेत्रात ऑसबर्न नावाचं गाव होतं. ते पूरक्षेत्रात येणार म्हणून डिस्ट्रिक्टने घरं विकत घेतली. गावकऱ्यांनी एक कंपनी काढून तीच घरं परत घेतली, जोत्यावरून उचलली आणि सुमारे तीन मैलांवर फेअरफील्ड गावाला लागून नेऊन ठेवली. चारशेच्या आसपास घरं अशी रस्त्याने गेली. 1950 मध्ये दोन्ही गावं एक झाली आणि दोघांची नावं जोडून नवं नाव ठेवलं गेलं, फेअरबॉर्न. ऑसबर्नचं नाव तेवढंच, शेवटच्या दीड अक्षरापुरतं, उरलं.